वरच्या काही सेंटिमीटरची राखण: एका उतारावरच्या प्रकल्प नोंदी

१० मार्च

प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीचा आहे: जमिनीचा वापर आणि तिची निगा बदलली की मातीतली अन्नद्रव्ये आणि मातीची धूप किती बदलते? उत्तर मात्र जागा निवडतानाच बिघडू शकते. रान एका डोंगरावर, शेत दुसऱ्या खोऱ्यात आणि कुरण तिसरीकडे असेल, तर दिसलेला फरक वापराचा की खडकाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून एकच उतार घेतला आहे. मूळ खडक एक, उताराचे तोंड एका दिशेला, आणि शेजारी शेजारी पाच पट्टे: जुने रान, एकाच जातीच्या झाडांची लागवड, चराईचे कुरण, उताराच्या दिशेने उभी नांगरलेली जमीन, आणि उताराला आडवी मशागत करून मध्ये गवताचे पट्टे राखलेली जमीन.

एक शंका आजच लिहून ठेवतो. माणूस नांगरासाठी आधी चांगली, खोल आणि कमी उताराची जमीन निवडतो. खडकाळ, उथळ जमीन रान किंवा कुरण म्हणून मागे उरते. त्यामुळे शेजारचे दोन पट्टे कधीकाळी अगदी सारखे होते हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. यावर उपाय एकच सुचतो. नांगर जिथे पोचत नाही त्या ६० सेंटिमीटर खालच्या मातीचा पोत आधी तपासायचा. तिथे चिकणमाती (सर्वांत बारीक कण), पोयटा (मधले कण) आणि वाळू यांचे प्रमाण जुळले, तरच वरच्या थरातला फरक वापराच्या खात्यावर मांडायचा. न जुळलेला पट्टा तुलनेतून बाहेर, मग तो कितीही सोयीचा असो.

१८ मार्च

नमुने घ्यायला सुरुवात. थर तीन: ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर.

माती परीक्षणाचा नेहमीचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. बांधालगत, शेणखताच्या ढिगाखाली, झाडाच्या बुंध्याशी, जनावरे बसतात तिथे नमुना घेऊ नये. नागमोडी चालत ठिकठिकाणची माती एकत्र करावी. खताची मात्रा ठरवायची असेल तर हा सल्ला बरोबर आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. उताराचा माथा, मध्य आणि पायथा यांची माती एका घमेल्यात मिसळली, तर जे शोधायचे आहे तेच त्या घमेल्यात हरवेल. धूप म्हणजे वरची माती खाली जाणे. तेव्हा माथा, मध्य आणि पायथा यांचे नमुने वेगळेच राहतील.

कुरणाचेही तसेच. जनावरे कुरणभर चरतात, पण शेण आणि मूत्र सावलीच्या आणि पाण्याच्या आसपास जास्त टाकतात. पाऊस न पडता, मातीचा कणही न हलता, अन्नद्रव्ये कुरणाच्या एका भागातून उचलली जातात आणि दुसऱ्या भागात साठतात. बसण्याची जागा टाळून नमुना घेतला तर कुरण गरीब दिसते, तिथलाच घेतला तर श्रीमंत. दोन्ही नमुने घेऊन वेगळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत.

५ एप्रिल

आज दिवसभर धातूची कडी मातीत ठोकून घनतेचे नमुने काढले. १०५ अंशांवर भट्टीत वाळवायचे आणि वजन कडीच्या आकारमानाने भागायचे. काम कंटाळवाणे आहे आणि पुष्कळ अहवालांत ते गाळलेले असते. पण त्याशिवाय अन्नद्रव्यांची कोणतीही तुलना उभी राहत नाही, म्हणून इथे एक हिशेब मुद्दाम सविस्तर मांडतो. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, आमच्या पट्ट्यांचे नाहीत.

समजा रानातल्या मातीची घनता घनमीटरला १.० टन आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, २.६ टक्के. नांगरलेल्या जमिनीची घनता १.३ टन आणि कर्ब २.० टक्के. एक हेक्टर, १५ सेंटिमीटरचा थर, म्हणजे १,५०० घनमीटर माती. रानात तिचे वजन १,५०० टन, त्यात कर्ब ३९ टन. शेतात वजन १,९५० टन, त्यातही कर्ब ३९ टन! टक्केवारी पाहिली तर जमीन खंगलेली दिसते, साठा पाहिला तर काहीच गेले नाही असे वाटते.

दोन्हींत खरे कोणते? शेतातली माती दबली आहे. त्यामुळे त्याच १५ सेंटिमीटरमध्ये ४५० टन माती जास्त मोजली गेली. रानात तेवढी माती १५ सेंटिमीटरच्या खाली आहे आणि तिच्यातला कर्ब आपण मोजलाच नाही. समान खोली घेण्याऐवजी समान वजन घ्यायला हवे. दोन्हीकडे वरची १,५०० टन माती घेतली तर रानात कर्ब ३९ टन आणि शेतात ३० टन. नऊ टनांची तूट घनतेच्या मागे लपली होती. समान वजनाची ही पद्धत आता मृदाशास्त्रात चांगली रुळली आहे, तरी समान खोलीचे तक्ते अजून सर्रास छापले जातात. प्रकल्पाच्या सगळ्या तुलना समान वजनावरच होतील, हा निर्णय आज पक्का.

२२ एप्रिल

प्रयोगशाळेच्या पद्धती ठरल्या. कर्बासाठी वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत: पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल. यात सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून निकालाला सुमारे १.३ ने गुणतात. जुन्या वणव्याचा कोळसा मातीत असेल तर त्यातला थोडाच भाग यात पकडला जातो, म्हणून रानाच्या काही नमुन्यांची कोरड्या ज्वलनाने फेरतपासणी करायची आहे. एकूण नत्रासाठी (नायट्रोजन) केल्डाल यांची पद्धत. उपलब्ध स्फुरदासाठी (फॉस्फरस) ओल्सन यांची १९५४ ची पद्धत, सामू (pH) ८.५ च्या सोडियम बायकार्बोनेटने. आमची माती उदासीन ते किंचित विम्लधर्मी असल्याने हीच योग्य. आम्लधर्मी माती असती तर ब्रे यांची पद्धत घेतली असती. या दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून तुलना करू नये.

९ मे

आजचे काम अगदी साधे होते, आणि आतापर्यंतच्या कामात सर्वांत बोलके ठरले. पाचही पट्ट्यांतली सारख्या आकाराची वाळलेली ढेकळे जाळीवर ठेवून पाण्यात सोडली.

उभ्या नांगरटीचे ढेकूळ पाण्यात पडताच फुगले, कडा सुटल्या आणि थोड्या वेळात जाळीखाली चिखल जमला. रानातले ढेकूळ तसेच बसून राहिले, पाणीही जवळजवळ स्वच्छ. गवताच्या पट्ट्यातले ढेकूळ रानासारखेच. कुरणात दोन तऱ्हा दिसल्या: दाट गवताखालचे टिकले, जनावरांच्या वाटेवरचे विरघळले.

कारण असे. कोरड्या ढेकळात पाणी घुसते तेव्हा आतली हवा कोंडते आणि बाहेर पडायला धडपडते. कण एकमेकांना धरून असतील तर ते हा ताण सोसतात. त्यांना धरून ठेवतात बुरशीचे तंतू, बारीक मुळे, मुळांमधून पाझरणारे चिकट पदार्थ आणि जिवाणूंनी बनवलेले डिंकासारखे पदार्थ. हे सगळे सेंद्रिय, म्हणजे सतत कुजणारे आणि सतत नव्याने तयार व्हावे लागणारे. नांगर ढेकूळ फोडतो, आत सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ हवेच्या आणि जिवाणूंच्या तावडीत सापडतो, आणि तो खपला की कणांची पकड सुटते. त्यामुळे अन्नद्रव्यांची घट आणि धूप ही दोन वेगळी प्रकरणे मानणे मला पटत नाही. सेंद्रिय पदार्थ कमी झाला की नत्राचा साठा कमी होतो, आणि त्याच वेळी माती पावसात सुटी होते.

शेताच्या मालकांनी ढेकळे पाहिली आणि विचारले, “दोन्हीकडे मातीचा रंग सारखाच दिसतोय, मग हा फरक कसा काय?” त्यांना ढेकूळ फोडून आतली मुळे दाखवली. रंगावरून कर्बाचा अंदाज येतो, पकडीचा येत नाही.

२० मे

पावसाच्या आधी कागदावर अंदाज करून ठेवतो आहोत, म्हणजे पुढे ताडून पाहता येईल. यासाठी अमेरिकेतील विश्मायर आणि स्मिथ यांचे धुपीचे समीकरण वापरले. १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात आले, १९७८ मध्ये सुधारून पुन्हा आले. त्यामागे प्रयोगपट्ट्यांच्या हजारो वार्षिक नोंदी आहेत. पाच घटकांचा गुणाकार: पावसाची धूपशक्ती, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी आणि तीव्रता, जमिनीवरचे आवरण, आणि संधारणाचे उपाय. मानक पट्टा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा, उघडा नांगरलेला.

पाऊस आपल्या हातात नाही. मातीचा पोतही नाही. उरले तीन घटक. त्यांतून किती मिळते ते पाहिले.

उताराची लांबी: ५ टक्क्यांहून जास्त उतारावर धूप लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांब उताराचे बांध घालून चार तुकडे केले तर धूप निम्मी होते. आडवी मशागत: ३ ते ८ टक्के उतारावर समीकरणात तिचा गुणक ०.५, म्हणजे पुन्हा निम्मी. उतार वाढत गेला की हा फायदा आटतो. २१ ते २५ टक्क्यांवर गुणक ०.९ होतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आणि आवरण? उघड्या नांगरलेल्या जमिनीसाठी गुणक १. झुडपांची छाया नसलेल्या कुरणात जमिनीवर काहीच नसेल तर ०.४५, गवताने २० टक्के झाकली असेल तर ०.२०, ४० टक्क्यांना ०.१०, ८० टक्क्यांना ०.०१३, आणि पूर्ण झाकलेली असेल तर ०.००३. अबाधित दाट रानात ०.००१ किंवा त्याहून कमी.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. बांधाने निम्मी, आडव्या नांगरटीने निम्मी, आणि गवताने शेकडो पटींनी कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २० टक्के झाकलेल्या आणि ८० टक्के झाकलेल्या कुरणात पंधरा पटींचा फरक आहे, आणि नकाशावर दोन्हींच्या जागी एकच रंग आणि एकच शब्द असतो: कुरण. जमिनीच्या वापराचे नाव लिहून अहवाल पूर्ण होत नाही. त्या नावाखाली वरचे काही सेंटिमीटर कसे राखले आहेत हे लिहायला हवे. प्रकल्पाच्या नकाशावर म्हणून वापरासोबत आवरणाची टक्केवारीही येईल.

समीकरणाच्या मर्यादाही लिहून ठेवतो. ते दीर्घकालीन सरासरी देते, एका वादळाचा हिशेब देत नाही. सालकाढी (पातळ थर सारखा निघून जाणारी) आणि ओघळपाडी (लहान ओघळी पाडणारी) धूप त्यात येते, खोल घळी येत नाहीत. पायथ्याशी परत बसलेला गाळही ते वजा करत नाही.

२७ मे

आवरणाचे आकडे अतिशयोक्त वाटतात असे एका सहकाऱ्याचे मत पडले. म्हणून समीकरणाच्या आधीची, प्रत्यक्ष मोजलेली जुनी नोंद काढली. मिसुरी विद्यापीठात कोलंबिया येथे १९१७ पासून पट्टे आखून वाहून गेलेली माती वजन करून मोजली गेली. उतार ४ टक्क्यांहूनही कमी. चौदा वर्षांची सरासरी अशी: नांगरून उघड्या ठेवलेल्या पट्ट्यातून दरवर्षी एकरी सुमारे ४१ टन, सलग मक्याच्या पट्ट्यातून सुमारे २०, मका, गहू आणि क्लोव्हर (चाऱ्याचे द्विदल पीक) यांच्या फेरपालटात ३ टनांच्या आत, आणि कायम गवताखाली एका टनाचा तिसरा हिस्सा. माती तीच, पाऊस तोच. मक्याचे पीक आणि फेरपालट यांतला फरक विशेष पाहण्यासारखा आहे, कारण दोन्ही ‘शेती’च आहेत.

१४ जून

पहिला जोरदार पाऊस. पर्जन्यमापकाच्या नोंदी पाच-पाच मिनिटांच्या घेतो आहोत. रोजची एकूण बेरीज धुपीसाठी फारशी कामाची नसते. ती का नसते याचा हिशेब इथे मांडतो.

३० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी ३०० टन पाणी. हाच पाऊस अर्ध्या तासात पडला, किंवा सहा तास सावकाश पडला, तर? त्याच समीकरणाच्या १९७८ नंतरच्या सुधारित आवृत्तीतल्या सूत्राने पहिल्याची ऊर्जा हेक्टरी सुमारे ८.४ मेगाज्यूल, दुसऱ्याची ३.८. धूपशक्तीसाठी या ऊर्जेला सर्वाधिक जोराच्या अर्ध्या तासातल्या तीव्रतेने गुणतात: पहिल्याला तासाला ६० मिलिमीटरने, दुसऱ्याला ५ ने. उत्तरे येतात सुमारे ५०० आणि १९. पाणी तेवढेच, धूपशक्ती सव्वीस पट.

पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. उघड्या मातीवर तो कण उडवतो, आणि सुटलेले बारीक कण छिद्रांत बसून वरचा पापुद्रा बंद करतात. मग पाणी मुरत नाही, वाहते. उभ्या नांगरटीत आज हेच झाले. सऱ्या उताराच्या दिशेने असल्याने पाण्याला वाट आयतीच मिळाली. मध्याच्या खाली बोटभर खोल ओघळी पडल्या. गवताच्या पट्ट्यांच्या वरच्या कडेला मात्र पाणी थबकले, गाळ तिथेच बसला.

३ जुलै

झाडांच्या लागवडीच्या पट्ट्याने आज सगळ्यांना विचारात पाडले. वर छत्र दाट, सावली गर्द, आणि खाली जमीन उघडी. पालापाचोळा गोळा करून नेलेला. झाडांखालचे लहान दगड मातीच्या छोट्या खांबांवर उभे दिसले: दगडाखालची माती वाचली, भोवतालची गेली. धूप झाल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

उंच झाड पावसाला अडवते, पण पानांवर पाणी जमून मोठे थेंब बनतात आणि ते पुन्हा खाली पडतात. आठ-नऊ मीटर उंचीवरून पडलेला थेंब जवळपास पूर्ण वेग पुन्हा कमावतो, आणि आकाराने तो मूळ थेंबापेक्षा मोठाही असू शकतो. रुंद पानांच्या झाडांखाली हे जास्त घडते. त्यामुळे उंच छत्र आणि उघडी जमीन असेल तर थेंबांचा मारा मोकळ्या आकाशाखालच्याहून कमी असेलच असे नाही. जुन्या रानात मातीला वाचवतात ती झुडपे, गवत आणि मुख्य म्हणजे पाचोळा.

पाचोळा नेला की आणखी एक गोष्ट जाते. झाड खोलवरून घेतलेले कॅल्शियम, पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद पानांतून जमिनीवर परत टाकते. खालच्या थरातून वरच्या थरात अन्नद्रव्ये आणणारा हा पंप आहे. पाचोळा वाहून नेला तर पंप चालू राहतो आणि पाणी दुसऱ्याच्या हौदात पडते. वृक्षलागवड झाली म्हणून जमीन सुधारली असे समजणाऱ्या प्रत्येकाने या पट्ट्यातली जमीन एकदा जवळ बसून पाहावी असे मला मनापासून वाटते.

२४ जुलै

पट्ट्यांतून वाहून येणारी माती अडवणाऱ्या गाळपेट्यांतल्या मातीचे पहिले निकाल. अपेक्षेप्रमाणे वाहून आलेल्या गाळात कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण मूळ शेतातल्या मातीपेक्षा जास्त निघाले.

पाणी जड वाळू मागे ठेवते आणि हलके, बारीक ते आधी उचलते. चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ आधी जातात, आणि अन्नद्रव्ये त्यांनाच धरून असतात. स्फुरद तर लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना आणि चिकणमातीला घट्ट चिकटतो. त्यामुळे गाळ मूळ मातीपेक्षा श्रीमंत असतो. किती पट श्रीमंत, यासाठी मेंझेल यांचे १९८० चे एक साधे सूत्र आहे: हेक्टरी किलोमधल्या गाळाच्या वजनाचा उणे ०.२ घात घ्यायचा आणि ७.४ ने गुणायचे. हेक्टरी १०० किलो गाळ गेला तर तो मूळ मातीच्या सुमारे २.९ पट समृद्ध, १,००० किलोला १.९ पट, १०,००० किलोला १.२ पट. मोठे वादळ सरसकट सगळी माती नेते, लहान पाऊस निवडून नेतो. ज्या पावसानंतर शेतात काहीच झालेले दिसत नाही, तो पाऊसही मातीतले उत्तम तेवढे घेऊन गेलेला असतो.

डोळ्यांना न दिसणे किती फसवे आहे हे आणखी एका हिशेबाने कळते. १.३ घनतेच्या मातीचा एक मिलिमीटर थर म्हणजे हेक्टरी १३ टन. एक मिलिमीटर कुणाला दिसणार? पण कर्ब एक टक्का धरला तर त्यात १३० किलो कर्ब, आणि कर्ब-नत्राचे प्रमाण दहास एक धरले तर १३ किलो नत्र. या नत्राची थेट खताच्या पोत्याशी बरोबरी करणे मात्र योग्य नाही. त्यातला बहुतेक भाग सेंद्रिय असतो आणि वर्षाला त्यातला जेमतेम काही टक्केच पिकाला मिळतो. पोते पुढच्या हंगामात भरून काढता येते. हा साठा अनेक वर्षांच्या मुळांचा आणि पाचोळ्याचा आहे.

८ ऑगस्ट

तीव्र पावसात आडव्या मशागतीच्या पट्ट्यात एका ठिकाणी वरंबा फुटला. सऱ्यांत साठलेले पाणी एकदम त्या फटीतून धावले आणि खालचे दोन वरंबे घेऊन गेले. गवताच्या पट्ट्याने ते पसरवले नसते तर तिथे घळ पडायला सुरुवात झाली असती. आडवी मशागत एकटी पुरत नाही. जास्तीच्या पाण्याला सुरक्षित, गवताने झाकलेली वाट काढून द्यावीच लागते.

१९ ऑगस्ट

पाणी मुरवणे हा निखळ फायदा नाही, हेही नोंदीत यायला हवे. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरत नाही. वाहणारे पाणी कमी झाले आणि मुरणारे वाढले की स्फुरद आणि सेंद्रिय नत्र वाचते, पण नायट्रेट मुळांच्या खाली निसटू शकते. पीक उभे असताना हा धोका कमी, खत एकदम टाकून मागे जमीन मोकळी राहिली तर जास्त.

नांगरट थांबवण्याच्या पद्धतीतही अशीच एक गाठ आहे. माती जागेवर राहते, पण वर टाकलेला स्फुरद खाली मिसळत नाही आणि वरच्या काही सेंटिमीटरमध्येच साठत जातो. मग गाळाबरोबर जाणारा स्फुरद घटतो आणि पाण्यात विरघळून जाणारा वाढू शकतो. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम भागात १९९० च्या दशकापासून विरघळलेला स्फुरद वाढला, आणि सांगितल्या जाणाऱ्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या विषारी शेवाळामुळे टोलेडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. यावर नांगरट परत आणणे हे उत्तर नव्हे. स्फुरद वर फेकण्याऐवजी बियाण्यालगत मातीत पेरून द्यायचा आणि परीक्षणाशिवाय द्यायचा नाही, हे त्याचे उत्तर आहे.

१२ सप्टेंबर

उभ्या नांगरटीच्या पट्ट्याच्या माथ्यावर माती फिकी पडली आहे आणि तिथले पीकही खुजे आहे. पण माथ्यावर वाहते पाणी फारसे नसतेच. पाणी खाली जाता जाता वाढते. मग माथा का उघडा पडला?

उत्तर नांगरात आहे. उताराच्या दिशेने नांगरताना खाली जाताना माती जेवढी पुढे सरकते तेवढी वर येताना परत येत नाही. प्रत्येक नांगरटीत थोडी माती खाली उतरते, पाऊस पडो वा न पडो. फुगीर माथ्याची माती पातळ होत जाते, नांगर खालचा कमी कर्बाचा थर वर आणतो आणि वरच्या थरात मिसळतो. पायथ्याशी तीच माती जाड थर करून बसते. आमच्या तीन थरांच्या नमुन्यांत हे नीट उतरले आहे: माथ्यावर पहिल्या आणि दुसऱ्या थरात कर्बाचा फरक अगदी थोडा, पायथ्याशी ३० सेंटिमीटरच्या खालीही गडद माती. माथ्याचे आणि पायथ्याचे नमुने मिसळून सरासरी काढली असती तर जमीन बरी आहे असा निष्कर्ष निघाला असता.

इतकी जुनी हालचाल मोजायची तर सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. हवेतल्या अणुचाचण्यांमधून ते जगभर पसरले, १९६३ च्या सुमारास सर्वांत जास्त पडले, आणि चिकणमातीला घट्ट चिकटून बसले. अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. अबाधित जागेपेक्षा जिथे ते कमी तिथून माती गेली, जिथे जास्त तिथे येऊन बसली. आमच्या साधनांत ते बसत नाही, पण जुन्या रानाचे काही नमुने सीलबंद ठेवले आहेत. पुढे कुणाला मोजायचे झाले तर संदर्भाची माती हाताशी असेल.

५ ऑक्टोबर

मालकांनी सरळ प्रश्न केला: “बांध घातले, गवत लावले, तर गेलेले परत यायला किती काळ लागेल?”

खरे उत्तर देणे भाग होते. गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र केली. रानाची शेती झाली तर मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्के घटला, कुरणाची शेती झाली तर ५९ टक्के. उलट वाटेने शेतीचे कुरण झाले तर १९ टक्के वाढला आणि शेती सोडून रान परत उगवू दिले तर ५३ टक्के. उणे ५९ आणि अधिक १९ यांची थेट वजाबाकी करता येत नाही, कारण पाया वेगवेगळा आहे आणि काळही. तरी जाणे सोपे आणि येणे अवघड हे त्यातून दिसते. धूप होऊन गेलेली माती तर या आकड्यांतही पूर्ण येत नाही. ती जागेवर पुन्हा तयार व्हायला खडक झिजावा लागतो, आणि नांगरलेल्या जमिनीची धूप त्या वेगापेक्षा सर्वसाधारणपणे दहा ते शंभर पटींनी जास्त असते.

दुसरी बाजूही सांगितली, कारण तीही तितकीच खरी आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५२ पासून बार्लीचा एक प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ एवढीच वर्षे दरवर्षी शेणखत दिले आणि मग बंद केले. शंभर वर्षे उलटल्यावरही त्या मातीत शेजारच्या बिनखताच्या पट्ट्यापेक्षा जास्त कर्ब आणि नत्र मिळाले. नीट दिलेले माती विसरत नाही. मालक यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “निदान माथ्यापासून सुरुवात करू या.” हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण माथाच सर्वांत भुकेला आहे.

२ नोव्हेंबर

पुढच्या हंगामासाठी ठरलेले बदल असे.

उभ्या नांगरटीचा पट्टा दोन भागांत विभागायचा. एक भाग तुलनेसाठी जसाच्या तसा, दुसऱ्यात धसकटे आणि पिकाचे अवशेष जमिनीवरच ठेवायचे. पेरणीनंतर किमान ३० टक्के जमीन झाकलेली राहिली पाहिजे. तेवढ्याने धूप निम्म्याहून जास्त घटते असा जगभरचा अनुभव आहे. झाकण मोजायला गाठी मारलेली दोरी सऱ्यांना तिरकी टाकायची आणि किती गाठींखाली अवशेष येतो ते मोजायचे. पायथ्याशी बसलेली गाळमाती खणून माथ्यावर परत न्यायची, पण आधी तिचे परीक्षण करायचे. लागवडीत अर्ध्या भागात पाचोळा हलवायचा नाही, असे संबंधितांशी बोलणे झाले आहे. कुरणात चराई आळीपाळीने, आणि आवरण ७० टक्क्यांच्या खाली आले की तो तुकडा बंद.

गाळपेट्यांतला बारीक गाळ पाण्याबरोबर पेटीवरून वाहून जातो आणि तोच सर्वांत मोलाचा. पेटीच्या मुखाशी पाण्याचा ठरावीक हिस्सा वेगळ्या टाकीत वळवणारी विभाजक पट्टी बसवायची आहे. नायट्रेट आणि विरघळलेला स्फुरद त्या टाकीतल्या पाण्यातच मोजता येईल. पट्टीचे माप सहकाऱ्याने काढले आहे, पत्रा उद्या कापायला द्यायचा आहे.